कत्तीला पाजलेलं पाणी

खोटं मी तसं एकदाच बोललो. पण ते इतकं चांगलं जमलं, की पुढं वीस वर्षं तेच बोलत राहिलो.

मी शेषेराव, तांबरवाडीचा लोहार. औशापासून दोन कोस आत आमचं गाव. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, बायकांच्या विळ्या, सगळंच करतो, पण मुलखात नाव झालं ते कत्तीमुळं. हातभर लांबीचं, टोकाशी जरा वाकलेलं पातं आणि बाभळीची मूठ. शेळ्यांना पाला पाडायचा, बांधावरची झुडपं छाटायची, कडबा तोडायचा, सगळं कत्तीवर. लातूरच्या भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा आणायचा, भट्टीत लाल करायचा आणि ठोकून ठोकून त्याची कत्ती काढायची. ठोकणं हे काही मोठं हुन्नर नाही. अंगात जोर आणि डोक्यात फार काही नसलं की जमतं, म्हणून मला लवकर जमलं.

खरं काम शेवटी असतं. त्याला आम्ही पाणी पाजणं म्हणतो. पातं लाल करायचं, त्याची फक्त धार पाण्यात बुडवायची, लगेच काढून विटेवर घासायची. मग पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडं सरकते आणि पांढऱ्या लोखंडावर रंग चढायला लागतो. आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. नेमक्या रंगाला, म्हणजे तांबूस चढतानाच, सगळं पातं पुन्हा पाण्यात गेलं पाहिजे. घाई केली तर धार काचेसारखी तडकते, उशीर केला तर पत्र्यासारखी वळते.

हे मी इतकं बारकाईनं सांगतोय म्हणून तुम्हाला वाटेल, याला येत असणार. सगळ्यांना तसंच वाटायचं. मला येत नव्हतं. पिवळा आणि तांबूस हे मला जुळ्या भावांसारखे दिसतात. कोणता कोण ते त्यांच्या आईलाच ठाऊक. रंग बघायची माझी बायको, केवळा. ती निलंग्याकडच्या लोहाराची लेक, बापाच्या भट्टीशेजारी बसून बसून तिचा डोळा तयार झालेला. आमच्यात घण बायकोच मारते, मी सांडशीत पातं धरून बारक्या हातोडीनं कुठं मारायचं ते दाखवतो. ठोकून झालं की केवळा घण बाजूला ठेवायची, पदरानं घाम पुसायची, वाकून धारेकडं बघायची आणि नुसतं "हं" म्हणायची. ती "हं" म्हणाली की मी बुडवायचो. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तीसही वर्षं माझा हात तिच्या "हं"वर चालला.

आता त्या खोट्याकडं येतो. देवणीकडचे गुरुपादप्पा म्हणून एक मोठे शेतकरी होते. दावणीला अस्सल देवणी जनावरं, कपाळाला विभूती, आवाज असा की बैलानं मान वळवावी. एकदा औशाच्या बाजारात त्यांनी माझी कत्ती घेतली आणि दोन वर्षांनी पत्ता काढत भट्टीवर आले.

"शेषप्पा," ते मनले, "उदगिरात घेतलेली कत्ती सहा महिन्यांत बोथट झाली. तुझी दोन साल झाली तरी हजामत करावी अशी हाय. काय हिकमत हाय सांग की."

केवळा तिथंच राख भरत होती. खरं उत्तर हातात पाटी घेऊन माझ्यासमोर उभं होतं. "माझी बायको रंग बघते", एवढे चार शब्द. पण माझ्या मिशा त्या वेळी काळ्याभोर होत्या आणि त्यांना पीळ भरायची मला सवय होती. मी दारातल्या आडाकडं बोट केलं.

"आप्पा, ही समदी आमच्या आडाच्या पाण्याची करामत."

आप्पा उठले, आडात वाकून बघितलं, पाणी शेंदून ओंजळभर प्याले आणि मान डोलावली. केवळानं माझ्याकडं एकदाच बघितलं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा ताट रिकामं. ती मनली, "आज भाकरी आडाकडंच मागा."

त्या दिवशी मी उपाशी राहिलो, पण गप्प राहिलो नाही. आडाची कीर्ती मीच वाढवली. आमच्या आजोबानं जागा दाखवली, खाली काळा पाषाण आहे, त्याचा अंश पाण्यात उतरतो, असं एकेक मी बाजारच्या दिवशी जोडत गेलो. निलंग्याहून लोक यायला लागले. औशाचा एक लोहार, माझ्याहून दुप्पट हुशार माणूस, दोन घागरी पाणी मागून घेऊन गेला. मी मोठ्या मनानं दिलं.

लातूर जिल्हा झाला त्याच्या चौथ्या साली पाऊस गेला. आदल्या सालीही तो नुसता तोंड दाखवून गेला होता. जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते, मीही दोन खाल्ले. आता सगळं जवळ आलं असं वाटलं, आणि आलंही. आधी एका कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूरचं काम करून माणूस दुपारच्या भाकरीला एसटीनं घरी यायचा. पाणी तेवढं लांब गेलं. पौषात गावची विहीर आटली, आठ दिवसांनी माझा आड आटला, आणि लातूरहून एक दिवसाआड टँकर सुरू झाला.

गाव पाण्यासाठी हैराण झालं आणि मी धंद्यासाठी. म्हणजे धंदा नव्हता म्हणून नाही, फार होता म्हणून. शेतात पीक नाही, त्यामुळं विळ्याला कुणी विचारत नव्हतं. पण कडबा संपला, आणि लोक लिंब, बाभळ, वड, दिसेल त्या झाडाचा पाला जनावरांसाठी पाडायला लागले. कत्तीला अशी मागणी माझ्या उभ्या जन्मात आली नव्हती. गिऱ्हाईक यायचं, कोरड्या आडात वाकायचं आणि विचारायचं, "शेषेराव, आता कत्तीला पाणी कुठलं?"

पहिल्या गिऱ्हाइकाला मी खरं सांगू शकलो असतो. आड आटला हे तर आयतं निमित्त होतं. पण मी हसलो आणि भट्टीच्या कोपऱ्याकडं हात केला. तिथं आजोबाच्या वेळचे दोन मोठे रांजण अर्धे जमिनीत पुरलेले होते.

"मी काय येडा हाय का? दिवाळीतच दोन्ही भरून ठेवलेत. घोटभर कुणाला देत न्हाई. फक्त लोखंडाला."

गिऱ्हाईक गेल्यावर केवळा मनली, "रांजणात काय हाय ठावं हाय न्हवं?"

"काय हाय?"

"कोळ्याची जाळी. आवो, खोटं बोलावं तर पोटात मावंल एवढं बोलावं. हे रांजणातबी मावना."

मी तिचं ऐकायला हवं होतं. मी रांजणांवर झाकणं ठेवली, वरून पोतं बांधलं, हळदकुंकू लावलं आणि एकावर नारळ ठेवला. आठ दिवसांत लोक आत येताना चपला काढायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर फूल वाहिलं. खरं पाणी पाजलं जायचं ते भांडी विसळलेलं. केवळा ते फडक्यानं गाळायची आणि ऐरणीशेजारच्या दगडी कुंडीत ओतायची. कधी त्यात भाताचं शीत तरंगायचं. कत्त्या पहिल्यासारख्याच निघत होत्या.

चैत्रात टँकर तीन दिवस आला नाही. कुणी म्हणालं रस्त्यात मोडला, कुणी म्हणालं दुसऱ्या गावानं अडवला. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुपादप्पा देवणीहून आले होते. तिकडं जनावरांची छावणी पडली होती, हजारभर जनावरं, आणि तिचं सगळं आप्पा बघत होते. पाला तोडायला पंधरा कत्त्या पाहिजेत, आणि त्याही रांजणातल्या पाण्याच्याच, असं ते सांगत होते. मी मान डोलावत होतो. केवळा भट्टीचा पंखा फिरवत होती. तेवढ्यात रत्नम्मा आत आली.

रत्नम्मा म्हणजे आमच्या विरूपाक्ष दुकानदाराची आई. सत्तरीची, काठीसारखी वाळकी. गावात सरपंचाला भिणारे थोडे, रत्नम्माला न भिणारा एकही नाही. तिच्या मागं पंधरा-वीस बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्याही मागं, काय चाललंय ते बघायला, शेजारचा संगप्पा.

"शेषा," रत्नम्मा मनली, "रांजण उघड."

"आव्वा, ते प्यायचं पाणी न्हाई. लोखंडाचं हाय."

"लोखंडाला तहान लागती का?"

"शिळं झालंय ते. दिवाळीचं हाय."

"गाळून, उकळून घेतावं."

"त्यात जंतू झाले असतील, आव्वा."

"मग तुझ्या कत्त्यांस्नी पटकी व्हायला पायजे हुती. सरक."

मी रांजणांपुढं दोन्ही हात पसरून उभा राहिलो, जशी कोंबडी पिलांपुढं राहते. फरक एवढाच की कोंबडीजवळ पिलं असतात. पाणी आहे पण देत नाही म्हणावं, तर गाव मला तिथंच ऐरणीवर धरेल. पाणी नाहीच म्हणावं, तर पुढ्यात आप्पा बसलेले. डोक्यात काही सुचतं का ते बघत होतो. एरवी खोटं माझ्याकडं न बोलावता यायचं, त्या दिवशी फिरकलंही नाही.

पंख्याचा आवाज थांबला. केवळा उठली. "बाजूला व्हा," ती मला मनली. "बघू द्या त्येंना." तिनं स्वतःच्या हातानं नारळ उचलला, पोतं सोडलं, झाकण काढलं.

रत्नम्मानं दोरीला बांधलेला लोटा आत सोडला. ठण्ण. तिनं तो वर ओढला, पुन्हा सोडला. ठण्ण. मग ती दुसऱ्या रांजणाकडं गेली. त्यात तिनं हातच घातला आणि बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत जाळी लागली होती आणि मुठीत एक कानस होती. माझी मोठी कानस. ती दोन वर्षांपूर्वी हरवली होती आणि ती संगप्पानं नेली असं मी गावभर सांगितलं होतं.

संगप्पा दारातून मनला, "सापडली का काका?"

 मग एकीला हसू आलं, आणि तिच्या मागं सगळ्या हसायला लागल्या. घागरी खाली ठेवून, एकमेकींना धरून हसल्या. रत्नम्मा तेवढी हसली नाही.

"हसू नगा गं," ती मनली, "घसा सुकतो." मग खाली बसली आणि माझ्याकडं न बघताच बोलली. "नातवांस्नी सांगून आले हुते. रडू नगा, शेषाकाकाकडं दोन रांजण पाणी हाय."

बाकी सगळी बेइज्जती मी पचवली असती. याला मात्र माझ्याकडं जागा नव्हती. मी ती कानस हातात घेऊन उभा राहिलो. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, आता हा काहीतरी घासणार आहे.

केवळा घरात गेली आणि आमची तळाशी राहिलेली घागर घेऊन आली. सगळी रत्नम्माच्या लोट्यात ओतली. "आव्वा, हे लेकरांस्नी द्या. मग संगप्पाच्या शेतातल्या विहिरीवर जावं. तळाला झरा लागलाय, वाटीनं भरावं लागंल, पण मिळंल." संगप्पानं मान हलवली. बाया उठल्या. केवळानंही चुंबळ डोक्यावर ठेवली.

 आता आप्पांनी पिशवीतून स्वतःची कत्ती काढली, मागच्याच महिन्यात माझ्याकडून नेलेली.

"शेषप्पा, हिला कुठलं नीरु पाजलं?"

"भांडी विसळलेलं," मी म्हणालो.

त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला. "धार तर तीच हाय. मग हिकमत कशात हाय?"

केवळा उंबऱ्यात होती. खरं बोलायची दुसरी संधी माणसाला सहसा मिळत नाही, मला ती अशी दारात उभी राहून मिळाली. पण सकाळपासून माझी अब्रू इतकी गेली होती, की उरलीसुरली मला वाचवायची होती. मी मनलो, "हातात, आप्पा. माझ्या हातात."

केवळानं घागर या काखेतून त्या काखेत घेतली. "खरं हाय आप्पा," ती मनली. "हात लई भारी हाय त्येंचा. बसा, तुमच्या म्होरंच करून घ्या." आणि ती बायांबरोबर निघून गेली.

घण मारायला संगप्पा राहिला. त्याला ते काम आवडलं. पहिल्या तीन-चार घावांत दोन माझ्या बोटांच्या इतक्या जवळ पडले, की कानशीची गोष्ट आम्ही न बोलता मिटवायला घेतली आहे हे मला कळलं. मी मनलो, "संगप्पा, चुकलं बाबा माझं." तो मनला, "बघा की, आता घण कसा सरळ पडून राहिलाय." खरंच सरळ पडायला लागला. तासाभरात कत्तीचा आकार आला. दिसायला देखणी होती. आप्पांनी कौतुक केलं आणि माझा हात मिशीकडं गेला.

मग पाणी पाजायची वेळ आली. धार बुडवली, काढली, विटेवर घासली आणि बघत बसलो. पांढऱ्या लोखंडावर कसलीतरी छटा आली. पिवळी असावी. तांबूसही असेल. मी बाजूला बघितलं, तिथं संगप्पा होता, तो "हं" म्हणणार नव्हता. मी बुडवली.

आप्पांनी ती बाभळीच्या ओंडक्यावर मारली. दुसऱ्या घावाला धारेतून नखाएवढा तुकडा उडून भिंतीवर लागला.

"पाटा खराब हुता," मी मनलो.

दुसऱ्या पाट्याची दुसरी कत्ती केली. या वेळी रंग पूर्ण दिसेपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि थांबलो. तो इतका पूर्ण दिसला की मलाही ओळखू आला. निळा होता, जांभळ्याच्याही पुढचा. ही कत्ती ओंडक्यावर मारल्यावर तुटली नाही. तिची धार एका बाजूला वळली, जशी तव्यावर भाकरीची कड वळते. आप्पांनी ती उचलून उन्हात धरली. "शेषप्पा, हिनं फक्त लोणी कापता यील. पण तेबी मऊ पायजे."

ऊन डोक्यावर आलं होतं. मी ऐरणीवर बसलो. एरवी ऐरणीवर बसणं आम्ही पाप मानतो, पण त्या दिवशी पापांची रांगच लागलेली होती. मी मनलो, "आप्पा, आडातबी काही न्हवतं आन हातातबी काही न्हाई. रंग केवळा बघती. ती हं मनली की मी बुडवतो. वीस वर्षं तुमी आडाच्या पाया पडलाव. माफ करा."

आप्पांनी ती कत्ती ओंडक्याशेजारी ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मग त्याच दिवशी का सांगितलं न्हाईस?"

"लाज वाटली."

"आन आता?"

"आताबी वाटून राहिली. पण आता त्या लाजेपेक्षा मोठी लाज समोर हाय."

बाया परत आल्या तेव्हा दोन वाजून गेले असतील. घागरी अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या. केवळाचा चेहरा उन्हानं तांब्यासारखा झाला होता. तिनं ओंडक्याशेजारच्या दोन कत्त्या बघितल्या, एक फुटकी, एक वळलेली, आणि घागर खाली ठेवली. मी हळू आवाजात मनलो, "केवळा, एक पातं हाय. रंग बघतीस का?"

"कुणाला इचारून राहिलाव? आडाला का मला?"

"तुला."

"ऐकू आलं न्हाई. खोटं केवढ्या मोठ्यानं सांगितलं हुतं, आठवा की."

मी ओट्यावर गेलो. समोर डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, रत्नम्मा, संगप्पा. बाजारात बोलतो त्या आवाजात मी मनलो, "ऐका! आमच्या आडाच्या पाण्यात काही न्हवतं. कत्तीचा रंग माझी बायको बघती. धार तिची हाय."

मला वाटलं होतं गाव थक्क होईल. रत्नम्मा मनली, "हे काय नवं सांगून राहिलास? गावातल्या समद्या बायांस्नी म्हाईत हाय. निलंग्याहून आली त्या वर्षीच आमी वळखलं हुतं. तुझ्या बापाच्या कत्त्या चार महिने टिकायच्या." मग आत डोकावत मनली, "आमी वाट बघून राहिलो हुतो, तुला कवा कळतंय."

तिसरी कत्ती केवळानं केली. घण तिनंच मारला, सांडशी मी धरली. कुंडीतलं पाणी सकाळचंच होतं, त्यात उष्ट्या डाळीचे दोन दाणे तरंगत होते. धार घासली, ती वाकली. मीही वाकून बघितलं, मला काही वेगळं दिसलं नाही. ती "हं" मनली. मी बुडवली. आप्पांनी ओंडक्यावर दहा घाव घातले, बाभळीच्या ढलप्या उडाल्या, आणि धारेवर ओरखडाही नव्हता.

आप्पांनी कत्ती कपाळाला लावली आणि केवळाकडं वळले. माझ्याकडं नाही, तिच्याकडं. "अम्मा, छावणीवर चलता का? रोज शंभर माणूस पाला तोडायला हाय, कत्त्या बोथट होऊन राहिल्यात. पाऊस लागंपर्यंत भट्टी तिथंच मांडा. प्यायचं नीरु छावणीवर हाय, तुमचं तुमाला मिळंल."

केवळानं पदरानं घाम पुसला. "यीन मी. ह्येंनाबी आणते. पंखा फिरवायला माणूस लागतंय."

टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आला तेव्हा मी पहिल्या रांगेत घागर घेऊन उभा होतो आणि ती भरून रत्नम्माच्या दारात ठेवली. तिनं ती घेतली आणि आत गेली. मी रिकाम्या हातानं परत आलो, त्यावर केवळानं विचारलं, "आन आपली?" आमची राहिलीच होती.

चार दिवसांनी ऐरण, घण आणि पंखा बैलगाडीवर घालून औशापर्यंत नेलं आणि तिथून एका ट्रकमधून देवणीला. छावणीवर तट्ट्याची एक झोपडी आम्हाला मिळाली. पहिल्याच आठवड्यात सगळ्या छावणीला केवळाबाई लोहारीण ठाऊक झाली. माझं नाव कुणी विचारलं नाही. एकदा एक पाटील बोथट कत्ती घेऊन आला आणि मला मनला, "ए पंखेवाल्या, बाई कुठं गेली?" मी मनलो, पाण्याला गेल्यात, बसा. तीस वर्षं ऐरणीवर घालवलेला लोहार मी, आणि मला राग यायला पाहिजे होता. त्याऐवजी मी त्याला घोंगडी अंथरून दिली.

दुपारी जनावरं सावलीला रवंथ करत बसली की काम कमी व्हायचं. तेव्हा केवळा मला रंग शिकवायची. पिवळा दाखवायला तिनं झेंडूचं वाळकं फूल आणलं, तांबूस म्हणजे तांबड्या गाईचं कातडं असं नाही, गव्हाच्या भाजलेल्या पोळीचा डाग, असं सांगायची, आणि जांभळ्याला वांग्याचा देठाजवळचा रंग. मी म्हणायचो, "आता?" ती म्हणायची, "अजून." मी म्हणायचो, "आता?" ती म्हणायची, "गेला." पहिल्या महिन्यात दहातले दोन जमले, दुसऱ्या महिन्यात चार, आणि त्यातले दोन नशिबानं. बारक्या पात्यांवर शिकत होतो, मोडक्या खुरप्यांवर. आप्पा येता-जाता बघायचे. एकदा मनले, "शेषप्पा, उमर काय झाली?" मी मनलो, पंचावन्न. ते मनले, "लवकर सुरू केलंस."

ज्येष्ठ संपत आला होता. आकाशात ढग येऊन जात होते, आणि छावणीतले लोक जनावरं घरी न्यायच्या गोष्टी करायला लागले होते. एका सकाळी केवळा आप्पांच्या सुनेकडं गेली होती आणि झोपडीत मी एकटाच होतो. एक पातं तापत ठेवलं होतं. ती येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं, पण पातं थांबेना. मी धार बुडवली, काढली, घासली आणि डोळे धारेवर लावले. पिवळा आला. मग त्या पिवळ्याच्या कडेनं हळूच काहीतरी काळपट सरकलं, पोळीवरच्या डागासारखं. मी "हं" म्हणालो. स्वतःच म्हणालो आणि स्वतःच बुडवली.

बाहेर लिंबाचं खोड होतं, त्याच्यावर वीस घाव घातले. धार शाबूत होती. मी कत्ती घेऊन छावणीतून पळत सुटलो. वाटेत दोन बैल बुजले, एका म्हातारीनं शिव्या दिल्या. केवळा आप्पांच्या ओसरीत बसून गहू निवडत होती. तिनं कत्ती हातात घेतली, उन्हात धरली, नखानं धार बघितली, उलटी केली.

"बरी हाय," ती मनली. मग परत गव्हाकडं वळली. "पाठ जरा जळलीय."

ती कत्ती मी कुणाला विकली नाही. विकायला काढली असती तरी कुणी घेतली नसती. पाठ खरंच जळली होती.